इंजिनाला पावडर

शरदचंद्र टेंब्यांनी सख्ख्या बहिणीचा पावडरचा डबा पळवला, तो चैत्रातल्या एका टळटळीत दुपारी. अक्का जेवून लवंडली होती. देवासच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नव्हतं. शरदचंद्र मात्र अंगणातल्या ट्रकच्या बंपरवर चढले, बॉनेट उचललं आणि आदल्या दिवशी रॉकेलनं लख्ख पुसलेल्या इंजिनावर गुलाबाच्या वासाची पावडर भुरभुरायला लागले. वरच्या झाकणावर, म्हणजे टॅपेट कव्हरवर, बोल्टांवर, खाली लोंबणाऱ्या नळ्यांवर, कुठे म्हणजे कुठे सोडली नाही. शेवटी डब्याला थापट्या मारून तळाची पावडरही झाडली.

वेडबीड लागलं नव्हतं त्यांना. जन्मभर एका कारखान्यात माल तपासण्यात गेलेला माणूस होता तो. तेल कुठून गळतं ते शोधायचं तर इंजिन पुसावं, वरून पांढरी भुकटी टाकावी आणि गाडी चालवावी. जिथून गळतं तिथून काळा ओघळ सुटतो. ही युक्ती कोणीही मेकॅनिक सांगेल. शरदचंद्रांनी तिच्यात स्वतःची भर घातली होती. कोणी बोल्टला हात लावला, तर बोटंही उमटणार होती. तेलापेक्षा त्यांना ती बोटंच हवी होती.

कारखान्यात त्यांचा एक नियम होता. आलेला माल खोटाच आहे असं धरून चालायचं, आणि तो खरा असेल तर त्यानंच ते सिद्ध करायचं. तिथं या नियमानं त्यांना नाव मिळालं. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे कारखान्यात ठेवून नियम तेवढा ते घरी घेऊन आले, तिथं सगळं बिनसलं. दूधवाल्याचं माप ते रोज बघत. वाण्यानं बांधून दिलेली साखर घरी पुन्हा मोजत. पुण्यातल्या मुलानं, सार्थकनं, नोकरी बदलली ती यांना चार महिन्यांनी कळली, तीही अक्काच्या तोंडून. आधी सांगितलं असतं तर बाबांनी शंभर प्रश्न विचारले असते, एवढंच तो म्हणाला होता.

ट्रकही कारखान्यातलाच. लांब नाकाचा, जुना, लिलावात निघालेला. तो यांनी घेतला आणि त्याच्याबरोबर रघुजीही आले, कारण कारखान्यात तो ट्रक रघुजीच चालवायचे. रघुजी मूळचे खातेगावचे, घरात माळवी बोलणारे. मराठी साहेबांच्या हाताखाली राहून त्यांनी स्वतःपुरती एक मराठी तयार केली होती. आठवड्यातून दोनतीनदा गुरांच्या ढेपेची पोती भरून देवासहून धामनोदला जायचं आणि तिकडून मका किंवा सरकी आणायची. बाकीच्या दिवशी संध्याकाळी ते येत, ओट्यावर बसत, अक्काच्या हातचा चहा पीत आणि साहेबांचं बोलणं ऐकत. खरं सांगायचं, तर साहेबांचं बोलणं ऐकायला येणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. शरदचंद्रांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून संशय थांबला, असं मात्र झालं नाही.

जुनं डिझेल इंजिन थोडं तेल गाळणारच. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला एक जाड नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. या ट्रकच्या ब्रीदरचं टोक पुढच्या चाकामागे लोंबायचं आणि त्यातून रात्रभर थेंब पडायचे. त्याचं शरदचंद्रांना काही वाटत नव्हतं. पण चैत्र लागला आणि तेल भलतीकडूनच यायला लागलं. टॅपेट कव्हरच्या कडेनं, पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून. धामनोदच्या पीयूष मेकॅनिकनं पॅकिंग बदललं. पुढच्या फेरीला पुन्हा तेल. त्यानं सील बदललं. पुन्हा तेल!

मग शरदचंद्रांच्या मनात पाल चुकचुकायला लागली. पुरावे तर आपल्या पायांनी चालत आले. तेल असं भलतीकडून यायच्या आधीच एका सकाळी ट्रकखाली, बरोब्बर थेंब पडतात तिथं, एक घमेलं ठेवलेलं सापडलं होतं. तेल गोळा करतंय कोण? त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, रघुजींना आडून विचारलं, शेवटी घमेलं गल्लीच्या तोंडाशी भिरकावून दिलं. कोणी कबूल झालं नाही. मग इंदूरच्या बायपासवरच्या टायरवाल्यानं सहज सांगितलं, की तुमचा ड्रायव्हर दर खेपेला इथं थांबतो आणि गाडीखाली वाकतो. आणि सीटखाली एक कापडी पिशवी होती, तोंड गच्च बांधलेली. "काय आहे हो हे?" विचारल्यावर रघुजींनी नजर चुकवली आणि म्हणाले, "काही नाही साब, असंच."

असंच! शरदचंद्रांनी मनाशी पक्कं केलं. रघुजी नि तो पीयूष, दोघं मिळून बोल्ट ढिले करतात. एकाला काम मिळतं, दुसऱ्याला तेल. या खेपेला आपण स्वतः बरोबर जायचं, आणि चोरी पकडली की त्याच जागी किल्ली काढून घ्यायची. आपल्याला ट्रक चालवता येत नाही. तो भंगारात गेला तरी चालेल. एवढं ठरवूनही त्यांना रात्री झोप लागली नाही. रघुजी चोर निघू नयेत असं त्यांना फार वाटत होतं, आणि निघाले तर आपलं खरं ठरेल असंही.

सकाळी अक्का अंगणात चैत्रांगण काढत होती. गौरीचा पाळणा, शंख, गदा, हत्ती, चंद्र-सूर्य, तुळशीवृंदावन, सगळं रोज नव्यानं. अक्षय्य तृतीयेपर्यंत यात खंड नाही. ट्रकचं नाक अगदी तिच्या रांगोळीपर्यंत यायचं. डिझेलची टाकी खिडकीतून दिसावी म्हणून शरदचंद्रांनी तो तसाच उभा करायला लावला होता. अक्का कधीची म्हणत होती, जरा मागं घ्या. पण टाकी महत्त्वाची.

"माझा पावडरचा डबा बघितलास का रे शरद?" अक्कानं मान वर न करता विचारलं.

"मी कशाला बघू?" म्हणून ते घाईघाईनं केबिनमध्ये चढले. बॉनेट उचलून वरवर नजर टाकली, बोल्टांवरची पावडर जशीच्या तशी होती. खाली वाकून नळ्या बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

इंदूरच्या अलीकडेच इंजिन तापलं आणि केबिनमध्ये गुलाब दरवळला.

रघुजींनी नाक फुगवून वास घेतला. "साब, आज गाडीतून बडी खुशबू येतेय."

"ऊन आहे ना," शरदचंद्र म्हणाले. उन्हाचा आणि गुलाबाचा संबंध काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बायपास लागला तशी रघुजींनी गाडी हळू केली. "इथं जरा थांबू? चाय घेऊन घेऊ."

टायरवाल्याचं दुकान समोरच होतं. शरदचंद्रांनी कान टवकारले. "नको. धामनोदलाच घेऊ."

"दोन मिनिटं, साब. मी चाकं बघून घेतो."

"चाकं मी निघतानाच बघितलीत."

महू मागं पडलं. शरदचंद्र डोळ्यांत तेल घालून रघुजींच्या हातांकडे बघत होते. त्या हातांना घाम फुटला होता, रघुजी दर थोड्या वेळानं तो पँटला पुसत होते. आता गुलाबात जळक्या तेलाचा वास मिसळला. समोरचा तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली सरकायला लागला.

मानपूरला रघुजींनी गाडी सरळ कडेलाच घेतली. "साब, पुढं घाट आहे. एकदा उतरू द्या मला. हात जोडतो."

त्या आवाजात काहीतरी होतं. दुसरा कोणी असता तर उतरू दिलं असतं. पण शरदचंद्रांच्या मानगुटीवर नियम बसला होता. एवढी घाई कशाची? गाडीखाली असं काय आहे, की माणसानं हात जोडावेत? "तुम्ही उतरायचं तर मीही उतरतो," ते म्हणाले. "दोघं मिळून बघू काय ते."

रघुजींनी गिअर टाकला. दोघं मिळून बघण्यासारखं ते नव्हतं, असं दिसत होतं. म्हणजे आहे. काहीतरी नक्की आहे.

घाट कसाबसा उतरला. खाली निमाडच्या उन्हात आल्यावर बॉनेटच्या फटींतून धूर यायला लागला. धामनोदच्या पहिल्याच ढाब्यावर रघुजींनी न विचारता गाडी आत घातली आणि इंजिन बंद केलं.

"मी चहा सांगून येतो," शरदचंद्र मोठ्यांदा म्हणाले. उतरले, ढाब्याला वळसा घातला आणि पाण्याच्या टाकीआड उभे राहिले. वयाच्या मानानं हे शोभत नव्हतं; टाकीजवळ भांडी घासणारी बाई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचं लक्षच नव्हतं.

रघुजी उतरले. इकडेतिकडे पाहिलं. मग पुढच्या चाकामागे वाकून आत हात घातला, काहीतरी ओढून काढलं आणि झटकन खिशात कोंबलं.

"रघुजी!"

रघुजी दचकले नाहीत. पाठमोरेच सरळ झाले आणि हळूच वळले.

"खिशात काय आहे?" शरदचंद्रांनी विचारलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. "बाहेर काढा. सगळं माहीत आहे मला. दाखवा!"

रघुजींनी खिशातून एक चिंधी काढली. तेलानं चिंब, काळी ठिक्कर, अजून कोमट. "घ्या साब. तुमचंच आहे."

"माझं?"

"तुम्हीच ठेवता ना. ब्रीदरच्या नळीत."

शरदचंद्रांना क्षणभर कळेचना. "मी? मी कशाला माझ्याच गाडीच्या नळीत चिंध्या कोंबीन?"

"परीक्षा घ्यायला." रघुजी असं म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "तुम्ही डिझेलच्या टाकीला धागा बांधता, मला मालूम आहे. डिपस्टिकवर खूण करता. सीटच्या फटीत नोट ठेवून बघता. आज पावडर टाकली. मला वाटलं, हे पण तसंच. रघुजी गाडी बघतो की नाही, बघतो तर सांगतो की नाही. चैत लागल्यापासून दर खेपेला हे मिळतं. मी बायपासला काढून घेतो. तोपर्यंत जेवढं तेल जायचं, जातंच. आज तुम्ही उतरूच दिलं नाही."

"पण मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? साब, तुम्ही चिंधी का टाकता, असं विचारू? विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, रघुजी, तुम्हीच टाकली." ते केबिनकडे गेले आणि सीटखालची पिशवी घेऊन आले. गाठ सोडून त्यांनी ती बॉनेटवर उलटी केली. आतून चिंध्या पडल्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घड्या घातलेल्या. तेलाचे डाग मात्र गेले नव्हते. "सगळ्या ठेवल्यात. म्हटलं, एखाद्या दिवशी तुम्ही हिशोब मागाल."

शरदचंद्रांनी एक चिंधी उचलली. हिरवं सुती कापड, कडेला आंब्याच्या कोयऱ्यांचा काठ. हा काठ ते लहानपणापासून ओळखत होते. आईच्या नऊवारीचा. ते लुगडं फाटल्यावर अक्कानं त्याची स्वयंपाकघरासाठी फडकी केली होती.

त्यांनी चिंध्या बाजूला सारून बॉनेट उचललं. गुलाबाचा भपकारा आला. टॅपेट कव्हरच्या कडेनं काळे ओघळ सुटले होते, तेलाची पातळी मोजायची पट्टी, डिपस्टिक, तिच्या भोकातून वर उचलली गेली होती आणि भोवती तेल साचलं होतं. बोल्टांवर मात्र पावडर अगदी अस्पर्शित. एका बोटाचाही ठसा नाही. मग ते ढाब्याच्या धुळीत गुडघ्यांवर टेकले आणि चाकामागं वाकले. ब्रीदरच्या टोकाशी रघुजींच्या रुंद बोटांचे ताजे ठसे होते. त्यांच्या वर लहान लहान बोटं उमटली होती, आणि एका ठशात हळदीचा पिवळा रंग होता.

उरलेलं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाफ बाहेर पडायची वाट बंद झाली, की इंजिनाचं पोट फुगणार. मग तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडणार. पॅकिंग बदला, सील बदला, काय उपयोग? इतकी साधी गोष्ट, आणि ते बोटांचे ठसे शोधत बसले होते.

त्यांनी अक्काला फोन लावला.

"हो, मीच घालते," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात अपराध कुठंच नव्हता. "गौरीच्या पाळण्यापर्यंत रोज काळं तेल ओघळत येतं. बरं दिसतं का ते? पहाटे बोळा घालते आणि मग रांगोळीला बसते. परत येते तेव्हा नसतो, म्हटलं रघुजी काढत असतील."

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

"आधी घमेलं ठेवलं होतं की. ते तू फेकून दिलंस, वर दोन दिवस घराची झडती घेतलीस. मी बोलले असते, तर म्हणाला असतास, अक्का तेल विकते." ती पुढं म्हणाली, "तुला काही सांगायचं म्हणजे आधी वकील करावा लागतो, शरद. पावडरचा डबा तूच नेलायस ना?"

शरदचंद्रांनी फोन ठेवला. कान तापले होते. लाज वाटली, तीही साधीसुधी नाही. घरात बहीण, गाडीवर रघुजी, पुण्यात मुलगा. तिघंही त्यांच्यापासून गोष्टी लपवत होती, आणि तिघांनीही चोरी मात्र केलेली नव्हती.

पीयूष आला. बॉनेटमध्ये डोकं घालताच त्याला सटासट शिंका आल्या. "अंकल, गाड़ी का ब्याह है क्या?" त्यानं विचारलं, आणि रघुजी खो खो हसले. शरदचंद्रही हसले. पॅकिंग नवं घातलं, तेल भरलं, पोती उतरली. ब्रीदर मोकळा श्वास घेत होता, टोकाशी नेहमीसारखा एक थेंब जमत होता.

"रघुजी," चहाचा पेला खाली ठेवत शरदचंद्र म्हणाले, "माझं चुकलं. फार चुकलं."

"जाऊ द्या साब," रघुजी म्हणाले, आणि खरंच जाऊ दिलं असावं, कारण परतीच्या वाटेवर ते मोकळे झाले. खातेगावच्या घरचा गहू कसा निघाला ते सांगितलं. मुलगा सारखा बोलावतो, पण तिकडं जाऊन करणार काय, इथं गाडी आहे, तुम्ही आहात, असंही म्हणाले. हे ऐकून शरदचंद्रांना भरून आलं. बायपासवर त्यांनीच चहासाठी गाडी थांबवायला लावली. काटा घाटभर जागेवरून हलला नव्हता.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. शरदचंद्रांनी स्वतः पुढं उभं राहून ट्रक अंगणापासून लांब, भिंतीकडे लावून घेतला. टाकी आता खिडकीतून दिसणार नव्हती. अक्का दारात आली, हे सगळं पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

रघुजींनी सवयीनं बॉनेट उचललं, डिपस्टिक काढून पाहिली आणि परत खोचली. "तेल बराबर आहे साब. काटा पण हलला नाही. आत्ता बघितलं मी."

"हो, हो. तुम्ही बघितलंत ना," शरदचंद्र म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आणि म्हणता म्हणताच त्यांचा हात पुढं गेला. डिपस्टिक ओढली, बोटांनी पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडाकडे तिरपी धरली. इतक्या वर्षांचा हात, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं.

मग त्यांना कळलं, आपण काय केलं. त्यांनी वळून पाहिलं.

रघुजी तिथंच उभे होते. रागावलेले दिसले नाहीत, नुसते थकलेले दिसले. त्यांनी किल्ली मडगार्डवर ठेवली आणि सीटखालची रिकामी पिशवी झटकून खांद्यावर टाकली.

"रघुजी, अहो, सवय हो नुसती! संशय नव्हता. अक्काची शपथ, यावेळी खरंच नव्हता!"

"मालूम आहे साब," रघुजी म्हणाले. "संशय असता तर मी समजावलं असतं. सवयीला काय समजावू?" त्यांनी नमस्कार केला. "खातेगावला जातो आता. मुलगा कधीचा बोलावतोय."

ते फाटकाकडे निघाले. वाटेत चैत्रांगण होतं. त्याला पाय लागू नये म्हणून ते कडेनं गेले. अक्का तीन कप घेऊन बाहेर आली तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. तिनं किल्लीकडे पाहिलं, भावाच्या हातातल्या डिपस्टिककडे पाहिलं, कप ओट्यावर ठेवले आणि हात पुसायला फडकं पुढं केलं.

शरदचंद्रांनी ते घेतलं नाही. ते डिपस्टिककडेच बघत होते. रघुजी म्हणाले होते तेवढंच तेल होतं.